अनेक अवयवांचा एकच व्याधी : ल्यूपस आणि गुडूची

सांधे दुखतात म्हणून एका वैद्यांकडे, तोंड वारंवार येते म्हणून दुसऱ्यांकडे, केस मुठीने गळतात म्हणून तिसऱ्यांकडे आणि अधूनमधून येणाऱ्या तापासाठी गावातल्या डॉक्टरांकडे, अशी एखादी तरुण स्त्री दीड-दोन वर्षे फिरत राहते. प्रत्येक ठिकाणी तिला काही ना काही औषध मिळते. आमवाताचा काढा मिळतो, मुखपाकासाठी गंडूष मिळतो, केसांना तेल मिळते, रक्त कमी म्हणून लोहकल्प मिळतो. यांपैकी कोणतेही औषध शास्त्राला सोडून दिलेले असते असे नाही. परंतु ज्या दिवशी तिच्या डोळ्यांखाली आणि पायांवर सूज दिसू लागते त्या दिवशी कळते, की या चारही तक्रारी एकाच व्याधीच्या होत्या आणि तो व्याधी एव्हाना वृक्कांपर्यंत पोहोचला आहे.

हे चित्र कोणा एका रुग्णाचे नाही. ज्यांना सिस्टिमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस, थोडक्यात ल्यूपस, हा व्याधी एकदा जरी ओळखावा लागला असेल त्यांना ते परिचित वाटेल. ज्यांना अद्याप लागला नसेल त्यांच्यासाठी, आणि विशेषतः ज्यांच्या दुकानातून अशा रुग्णा 'ताकदीचे' औषध घेऊन जातात त्या औषधालयाच्या मालकांसाठी प्रस्तुत लेख आहे.

शरीराने स्वतःवरच शस्त्र उगारावे ही कल्पना पाश्चात्य वैद्यकालाही बराच काळ पटली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी असे काही घडू शकेल या शक्यतेलाच भयावह ठरवून शरीर ते टाळते असे मानले. १९५६ मध्ये रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून थायरॉइडविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडे निर्माण करू शकते हे दाखविले, तेव्हा ऑटोइम्यून ही संकल्पना पक्की झाली. आज असे व्याधी ढोबळमानाने दोन गटांत पाहिले जातात. एका गटात हल्ला एका अवयवापुरता असतो, जसे थायरॉइड किंवा त्वचेतील रंगपेशी. दुसऱ्या गटात हल्ल्याचे लक्ष्य प्रत्येक पेशीत असणारे काहीतरी असते. ल्यूपस हा दुसऱ्या गटाचा प्रमुख. येथे प्रतिपिंडे पेशीच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्ध तयार होतात. केंद्रक तर सर्वत्र आहे. प्रतिपिंड आणि त्याचे लक्ष्य यांची जोडी रक्तातून फिरते, जेथे गाळण्याची क्रिया चालते तेथे, म्हणजे वृक्काच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत, अडकते आणि तेथे दाह सुरू होतो. एका रुग्णात त्वचा, दुसऱ्यात सांधे, तिसऱ्यात फुप्फुसावरण असे भिन्न रूप का दिसते याचे उत्तर याच सर्वव्यापित्वात आहे.

एकाच रुग्णात दोन-तीन निरनिराळे ऑटोइम्यून व्याधी एकत्र नांदणे हीदेखील विरळा गोष्ट नाही. ल्यूपसच्या रुग्णेला थायरॉइडची मंदता असते, डोळे व तोंड कोरडे पडणारा श्योग्रेनचा विकार असतो, कधी पांढरे डाग असतात. म्हणून थायरॉइडची गोळी घेणारी तरुण स्त्री सांधेदुखी घेऊन आली तर 'थायरॉइडमुळे अंग दुखते' असे म्हणून विषय संपवू नये.

हा व्याधी प्रामुख्याने स्त्रियांचा. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. आपल्याकडे त्याचे प्रमाण किती, याचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला दिल्लीजवळील एक अंदाज लाखामागे सुमारे तीन असा होता. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ मध्ये भिगवण येथे घरोघर जाऊन केलेल्या सांधेविकारांच्या पाहणीत आमवातसदृश ऱ्ह्युमॅटॉइड विकाराचे प्रमाण प्रौढांत सुमारे अर्धा टक्का आढळले होते. या दोन आकड्यांची तुलना केली म्हणजे आपल्या चिकित्सालयात ल्यूपस का निसटतो हे समजते. सांधेदुखीच्या शंभर रुग्णांत तो एखादाच असतो, किंवा नसतोही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत पश्चिम भारतातील ल्यूपसच्या रुग्णांच्या प्रतिपिंडांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. म्हणजे व्याधी आपल्या भागात आहे यात शंका नाही; तो आपल्या नजरेत नाही एवढेच.

व्याधीला नाव कोणते द्यावे

आपल्या सभा-संमेलनांत ल्यूपसचा विषय निघाला की पहिला वाद नावाचा होतो. कोणी वातरक्त म्हणतात, कोणी आमवात, कोणी विसर्प, तर कोणी ओजोव्यापद्. प्रत्येकाच्या बाजूने चार लक्षणे काढून दाखविता येतात. माझ्या मते हा वाद निष्फळ आहे. चरकाचार्यांनी त्रिशोथीय अध्यायात स्पष्टच म्हटले आहे, की एखाद्या विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्व विकारांना निश्चित नावे असतातच असे नाही. दोष, अधिष्ठान आणि हेतू ओळखून कर्म आरंभावे. ही मोकळीक आचार्यांनी दिलेली असताना आपण जुन्या नावाच्या चौकटीत नवा व्याधी कोंबण्याचा अट्टहास का करावा, हे कळत नाही.

याउलट तिस्रैषणीय अध्यायातील तीन रोगमार्गांची कल्पना येथे विलक्षण उपयोगी पडते. रक्तादी धातू व त्वचा म्हणजे शाखा, हा बाह्य मार्ग. बस्ति, हृदय, मूर्धा ही मर्मे आणि अस्थिसंधी हा मध्यम मार्ग. महास्रोतस म्हणजे कोष्ठ हा आभ्यंतर मार्ग. ल्यूपसमध्ये गालांवर व नाकाच्या पुलावर फुलपाखराच्या आकाराची लाली येते, उन्हात गेल्यावर ती भडकते, रक्तातील पेशी घटतात, म्हणजे शाखा दूषित आहेत. बोटांचे, मनगटांचे सांधे सकाळी आखडतात व सुजतात, म्हणजे व्याधीने मध्यम मार्गात पाऊल टाकले आहे. आणि पुढे रुग्णाचे आयुष्य कशावर ठरते? वृक्क, हृदय आणि मस्तिष्क यांवर. तीन प्रधान मर्मांची नावे आणि आधुनिक ग्रंथांत ल्यूपसच्या गंभीर अवयवांची दिलेली यादी यांत फारसे अंतर नाही. मध्यम मार्गातील व्याधी कृच्छ्रसाध्य असतो हे आपण पाठ केलेले वाक्य येथे प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत लागू करावयाचे आहे : शाखेतील लक्षण दिसताच मर्मांची तपासणी करावी. बस्तिमर्माची तपासणी म्हणजे लघवी. तिला दहा मिनिटे आणि अत्यल्प खर्च लागतो.

वृक्काचा ल्यूपस प्रारंभी काहीही बोलत नाही. वेदना नाही, दाह नाही, लघवीचे प्रमाणही कमी होत नाही. फक्त लघवीत प्रथिने आणि लाल पेशी जाऊ लागतात. सूज व वाढलेला रक्तदाब ही नंतरची गोष्ट. म्हणून ज्या तरुण स्त्रीला सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ एकाहून अधिक सांध्यांत दुखणे व आखडणे आहे, तिची लघवी एकदा पट्टीने तरी पाहावी आणि रक्तदाब मोजावा. प्रथिने आढळल्यास चोवीस तासांतील प्रमाण किंवा प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्यावे. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिने जात असतील तर तो रुग्ण तज्ज्ञाकडे गेलाच पाहिजे, आणि 'पुढच्या महिन्यात' ही तारीख चालत नाही.

बेरीज करावयास शिकणे

२०१९ मध्ये युरोप व अमेरिका येथील संधिविकार संघटनांनी मिळून ल्यूपसच्या वर्गीकरणाचे नवे निकष प्रसिद्ध केले. ते मुळात संशोधनासाठी आहेत, निदानासाठी नाहीत, तरीही त्यांची रीत आपल्याला काही शिकविते. प्रथम एएनए ही तपासणी एकास ऐंशी किंवा त्याहून अधिक पातळीवर सकारात्मक असली पाहिजे. त्यानंतर निरनिराळ्या लक्षणांना गुण दिलेले आहेत व बेरीज दहा झाली की रुग्ण ल्यूपसच्या गटात धरला जातो. तापाला दोन गुण. व्रणचिन्ह न ठेवता केस गळण्यास दोन, तोंडातील व्रणांस दोन. पांढऱ्या पेशी चार हजारांखाली असल्यास तीन, प्लेटलेट्स एक लाखाखाली असल्यास चार. सांध्यांना सहा. फुप्फुस वा हृदयाच्या आवरणात पाणी असल्यास पाच. एका गटातील सर्वांत मोठाच गुण धरावयाचा आणि त्या लक्षणाचे दुसरे अधिक सयुक्तिक कारण असेल तर तो गुण मोजायचाच नाही.

आता लेखाच्या आरंभीच्या रुग्णेकडे पाहा. ताप दोन, सांधे सहा, घटलेल्या पांढऱ्या पेशी तीन, बेरीज अकरा. यांतील कोणताही एक आकडा एकटा दहाच्या जवळपासही जात नाही. ताप पाहणाऱ्याकडे दोन गुण होते, सांधे पाहणाऱ्याकडे सहा, आणि रक्ततपासणीचा कागद तिच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. दर्शन-स्पर्शन-प्रश्न यांतील प्रश्न हा भाग आपण घाईत उरकतो. येथे तोच सर्वांत मोलाचा ठरतो. तोंड येते का, ऊन सोसते का, गार पाण्यात हात घातल्यावर बोटे पांढरी-निळी पडतात का, गर्भ किती वेळा राहिला आणि किती वेळा गेला, हे चार प्रश्न नियमाने विचारावेत.

एएनएविषयी मात्र सावधानता हवी. ल्यूपसच्या बहुतेक सर्व रुग्णांत ती सकारात्मक असते हे खरे, पण निरोगी माणसांतही एकास ऐंशी पातळीवर सुमारे तेरा टक्क्यांत ती सकारात्मक सापडल्याची नोंद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अर्थात, नुसता थकवा व एएनएचा कागद यांवरून कोणा मुलीला आयुष्यभराचे लेबल चिकटवू नये. नकारात्मक एएनएने ल्यूपस बहुतांशी दूर होतो. सकारात्मक एएनएने केवळ चौकशी सुरू होते. डीएस-डीएनए व स्मिथ प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे अधिक विश्वसनीय. सी-३ व सी-४ ही पूरक द्रव्ये घटणे म्हणजे व्याधी उसळत असल्याची खूण.

आणखी एक व्यावहारिक बाब. ल्यूपसच्या ज्वरात ईएसआर वाढलेला पण सीआरपी बहुधा बेताचाच असतो. ल्यूपसच्या ज्ञात रुग्णात सीआरपी भरमसाट वाढलेला दिसला तर प्रथम जंतुसंसर्गाचा विचार करावा; स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात आपल्याकडे क्षयाचाही. अशा वेळी 'व्याधी उसळला' असे समजून स्टिरॉइड वाढविणे किंवा 'आमज्वर' समजून लंघन व पाचन देत आठवडा घालविणे, दोन्ही घातक.

गुडूचीचा प्रश्न

आता मूळ विषयाकडे वळतो. दौलताबाद परिसरात शेताच्या बांधावर कडुनिंब आणि त्यावर गुळवेल हे दृश्य नित्याचे आहे. ज्वर, वातरक्त, कामला, प्रमेह, सर्वत्र आपण तिचा वापर करतो. रसायन म्हणून तर करतोच. ऑटोइम्यून म्हटले की आपली पहिली प्रतिक्रिया 'प्रतिकारशक्ती बिघडली आहे, गुडूची द्या' अशी असते. या प्रतिक्रियेची तपासणी होणे आवश्यक आहे.

गुडूचीवरील आधुनिक संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीने भक्षक पेशींची क्षमता वाढते हे दाखविले, आणि पित्तमार्ग अडल्याने झालेल्या कामलेत शस्त्रक्रियेपूर्वी गुडूची दिल्यास जंतुसंसर्गाचे दुष्परिणाम कमी होतात असा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध केला. आयुर्वेदाच्या एका द्रव्याची इतक्या शिस्तीने झालेली चिकित्सालयीन परीक्षा त्या काळी दुर्मिळ होती व तिचा आपण सार्थ अभिमान बाळगतो.

परंतु त्याच मुंबईत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ व सहकाऱ्यांनी गुळवेल घेत असलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथ नोंदविला. कोविडच्या साथीत 'इम्युनिटी' साठी लोक स्वतःच्या मनाने गुळवेल घेत होते. काहीजण वेलीचे तुकडे घरी उकळून पीत होते. या सहांपैकी एका रुग्णाचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने जुलै महिन्यात त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याची ओळख व पृथक्करण केलेले नाही, गुडूचीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती घेतली गेली असण्याची शक्यता आहे, आणि गुडूचीला दोष देणे दिशाभूल करणारे आहे. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्रेचाळीस रुग्ण होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम कालावधी शेहेचाळीस दिवस. सर्वाधिक आढळलेले स्वप्रतिपिंड एएनए, आणि यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत ऑटोइम्यून यकृतशोथासारखी चिन्हे. अनेकांना यकृताचा जुना विकार अगोदरपासूनच होता.

आपल्या संघटनेच्या बैठकांत या अहवालांचा उल्लेख झाला की दोनच सूर ऐकू येतात. एक 'हे षड्यंत्र आहे' असा, दुसरा 'गुळवेल बंदच करा' असा. दोन्ही सूर वैद्याला शोभत नाहीत. मंत्रालयाचा द्रव्यओळखीचा आक्षेप रास्त होता आणि त्याचा विचार मी पुढे करतो. पण त्या आक्षेपाने मूळ प्रश्न सुटत नाही. भक्षक पेशींना चेतविणारे द्रव्य दुर्बल, जंतुसंसर्गाच्या काठावर असलेल्या रुग्णाला उपकारक ठरते. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या पेशींविरुद्ध चेतलेली आहे त्याला ते तसेच उपकारक ठरेल हे कशावरून गृहीत धरावे? शास्त्रशुद्ध उत्तर एवढेच, की ल्यूपसच्या रुग्णांत दीर्घकाळ गुडूची देण्याच्या सुरक्षिततेचा भरवसा देईल असा पुरावा आपल्या हाती नाही, आणि सावध करणारा पुरावा आहे. आचार्यांनीही रसायन द्यावयाचे ते शोधनोत्तर, निराम अवस्थेत. ज्वर, शोथ, विस्फोट यांनी उसळलेल्या साम अवस्थेत रसायन द्यावे असे कोणत्याही संहितेत नाही. मग बाजारातील 'इम्युनिटी बूस्टर' ची बाटली आपण कोणत्या सूत्राच्या आधारे देतो?

म्हणून माझी रीत अशी आहे : ल्यूपस, ऑटोइम्यून यकृतशोथ अथवा कारण न समजलेली यकृतविकृती असलेल्या रुग्णास गुडूची, अश्वगंधा व तत्सम बल्य-रसायन कल्प दीर्घकाळ देत नाही. अश्वगंधेबाबत थायरॉइडचे संप्रेरक वाढण्याचा व क्वचित यकृतशोथाचा अनुभवही नोंदविला गेला आहे. इतर रुग्णांत गुडूची निःशंक वापरतो. मात्र महिन्याहून अधिक काळ द्यावयाची असल्यास आधी व मध्ये एकदा यकृताची तपासणी करून घेतो.

बावची, पारा आणि गुप्त स्टिरॉइड

गुडूचीविषयी निदान वाद तरी आहे. बावचीविषयी तोही असू नये. बाकुचीत सोरॅलेन हे द्रव्य असून ते त्वचेला उन्हाप्रति अतिसंवेदनशील करते. श्वित्रात आपण तिचा उपयोग करतो तो याच गुणासाठी. ल्यूपसचे, विशेषतः चकत्यांच्या स्वरूपातील त्वग्विकाराचे डाग मध्यभागी पांढुरके पडतात व कुष्ठ किंवा श्वित्र समजून बाकुचीचे तेल व आतपसेवन सुचविले जाते. ज्या व्याधीत अतिनील किरण हेच प्रकोपाचे मुख्य कारण, त्यात यापेक्षा विपरीत चिकित्सा दुसरी नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी हंगामात दिवसभर उन्हात सीताफळे, पेरू विकत बसणाऱ्या बायका किंवा कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रिया यांना 'उन्हात जाऊ नका' असे सांगून भागत नाही. डोक्यावर पदर असतो पण चेहरा आणि हात उघडे राहतात. पूर्ण बाह्यांचे सुती पोलके, चेहऱ्याभोवती गुंडाळलेला रुमाल, सावलीसाठी डोक्यावर छत्री व दुपारची तीन-चार तासांची सुट्टी, एवढे ठरवून द्यावे लागते. आणि ऊन टाळणाऱ्या रुग्णात जीवनसत्त्व ड घटते, त्याची भरपाई करावी लागते.

रसकल्पांबद्दल. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारायुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्या रुग्णांत वृक्काच्या एका विशिष्ट विकाराचा संबंध दाखविला आहे. त्यात लघवीतून प्रथिने जातात. आपल्या राज्यात अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या वृक्कविकाराचे मूळ चेहऱ्याच्या क्रीममधील पाऱ्यात असल्याचे के. ई. एम. रुग्णालयातील तपासणीतून पुढे आल्याचे २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आले होते. ते आयुर्वेदीय औषध नव्हते, परंतु पारा वृक्काला काय करू शकतो याचे ते उदाहरण आहे. ल्यूपसच्या रुग्णात लघवीतील प्रथिने वाढली तर ती व्याधीने वाढली की औषधाने, हे नंतर ठरविणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा शुद्ध, सुसिद्ध रसकल्पांवर आपली कितीही निष्ठा असो, या व्याधीत त्यांना स्थान नसावे असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट बोलावयास कटू आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या व गोळ्या यांत स्टिरॉइड मिसळलेले असते हे आपण सर्व जाणतो. ल्यूपसच्या रुग्णाला त्याने चार दिवसांत आराम पडतो, चेहरा गोल होतो, आणि पुडी संपली की व्याधी दुप्पट वेगाने उसळतो. शिवाय अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेली असल्याने अशा रुग्णात स्टिरॉइड एकाएकी थांबणे प्राणावर बेतू शकते. औषधालयाच्या मालकांनी अशा पुड्या ठेवू नयेत हे वेगळे सांगावयास नको. परंतु रुग्ण अशी पुडी घेत असल्याचे कळल्यास 'ताबडतोब बंद करा' एवढे सांगून सोडू नये, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आपले काम कोणते

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसचे आधारभूत औषध आहे. ते स्थिर रुग्णांत बंद केल्यास व्याधी उसळण्याचा धोका सुमारे अडीच पट होतो असे कॅनडातील १९९१ च्या अभ्यासात दिसले. मार्च २०२० मध्ये कोविडवरील प्रतिबंधक म्हणून या औषधाची शिफारस झाली तेव्हा ते दुकानांतून नाहीसे झाले व ल्यूपसचे रुग्ण एकेका पाकिटासाठी वणवण फिरले, हे आपल्यातील औषधविक्रेत्यांना आठवत असेल. 'ती मलेरियाची गोळी उष्ण आहे, सोडून द्या' हा सल्ला आपल्यापैकी कोणी देत असेल तर त्याने तो आजच थांबवावा. डोळ्यांची तपासणी प्रारंभी एकदा व पाच वर्षांनंतर दरवर्षी करून घ्यावी, एवढी आठवण आपण करून देऊ शकतो. गर्भावस्थेतही ही गोळी चालू ठेवतात.

डॉ. चोपडा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऱ्ह्युमॅटॉइड विकाराच्या एकशे एकवीस रुग्णांत प्रमाणित आयुर्वेदीय कल्पाची तुलना याच गोळीशी केली व परिणाम तुल्य आढळला. हा आपल्यासाठी उत्साहवर्धक आधार आहे, पण तो सांध्यांच्या विकाराचा आहे. त्यावरून ल्यूपसच्या वृक्काबद्दल अनुमान काढणे म्हणजे संधिगत व्याधीची चिकित्सा मर्मावर करणे होय.

मग वैद्याला करण्याजोगे काय उरते? पुष्कळ उरते. अग्नीचे रक्षण, मलप्रवृत्ती, निद्रा, शूल, स्टिरॉइडमुळे येणारा अम्लपित्ताचा त्रास, भूक व वजन यांचा तोल, हे सारे आपल्या हातातले आहे. मुगाचे कढण, जुन्या तांदळाची पेज, ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ असा साधा आहार, वृक्क बाधित असल्यास मीठ व लोणची-पापड बंद. मृदू अनुलोमन चालते; तीक्ष्ण शोधन, दीर्घ स्वेदन व वमन मी टाळतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. स्टिरॉइड व मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णात तो परिणाम अधिक होतो, हे अम्लपित्ताची चूर्णे देताना ध्यानात ठेवावे. लसूणघास या चाऱ्याच्या अंकुरांतील कॅनाव्हॅनिन या द्रव्याने माकडांत ल्यूपससारखी लक्षणे उत्पन्न झाल्याचे १९८२ मध्ये नोंदविले गेले. अल्फाल्फा या नावाने मिळणारी टॉनिके ती हीच वनस्पती, तेव्हा ती या रुग्णांना देऊ नयेत.

वारंवार गर्भस्राव होणाऱ्या स्त्रीला फलघृत देण्यापूर्वी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. हा दोष ल्यूपसच्या अनेक रुग्णांत असतो, रक्ताच्या गुठळ्या करतो, आणि त्यावर उपाय आहे. व्याधी किमान सहा महिने शांत राहिल्यावर ठरवून राहिलेला गर्भ बहुधा सुखरूप पार पडतो, हे त्या घरातील सासूबाईंनाही समजावून सांगावे. लग्न मोडण्याच्या भीतीने मुलीचा व्याधी लपविणारे आईवडील याच माहितीने थोडे सावरतात.

दौलताबादहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय तासाभराच्या आत गाठता येते. सूज, श्वास लागणे, छातीत दुखणे, आकडी, वागण्यात अचानक बदल, लघवीत प्रथिने, प्लेटलेट्स घटणे, यांपैकी काहीही असल्यास चिठ्ठीवर सर्व लक्षणे एकत्र लिहून रुग्णाला पाठवावे. चिठ्ठीत आपली औषधेही घटकांसह लिहावीत.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन बाबी. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात ज्या व्याधींवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांत 'ल्यूपस' हे नावही आहे. तेव्हा दुकानातील फलक व माहितीपत्रकांतून ते नाव काढून टाकावे. दुसरी बाब गुळवेलीची खरेदी. खरी गुडूची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, हिच्या कांडावर पातळ पापुद्र्यासारखी साल असते व ती सहज सुटते. क्रिस्पा जातीच्या कांडावर मात्र दाट, ठसठशीत गाठी असतात. ओली वेल आणून देणाऱ्याकडून पानांसह कांड घ्यावे, चूर्ण झालेला माल ओळखीशिवाय घेऊ नये, आणि प्रत्येक खेपेतील बोटभर कांड तारीख व आणणाऱ्याचे नाव लिहून वर्षभर जपून ठेवावे. आयुष मंत्रालयाची औषधसतर्कता योजना २०१८ पासून सुरू असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गुळवेल घेणाऱ्या कोणाचे डोळे पिवळे झाले, तर औषध थांबवून, रुग्णाला पाठवून, त्याच दिवशी नमुना अर्ज भरावा. त्यात मात्रा, सुरुवातीची तारीख, खेपेची खूण आणि सोबतची सर्व औषधे लिहावीत. जपून ठेवलेल्या त्या बोटभर कांडाचा उपयोग त्या वेळी होतो.